काटकोन कोणी मोजला नाही

शाळेत कोनमापक आधी हातात येतो आणि कंपासने लंब काढायला त्यानंतर शिकवतात. म्हणून काटकोन म्हटला की ९० अंश, आणि ९० अंश म्हटले की कोनमापकावरची मधली उभी रेघ, असे मनात पक्के बसते. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये अंश हे एकक एकदाही येत नाही. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत कोन मोजण्याची भाषाच नाही. तरीही दोन्ही ठिकाणी काटकोन आहेत, आणि ते काढण्याच्या रीती इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की एकीची आकृती दुसरीच्या पानावर सहज खपून जाईल. दोन्हीकडे काटकोन लांब्यांमधून मिळवलेला आहे. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर गणिताच्या इतिहासात सवयीने केली जाणारी एक वाटणी डळमळू लागते. पूर्वेकडे कारागिरांच्या युक्त्या आणि ग्रीकांकडे विचारवंतांच्या सिद्धता, अशी ती वाटणी. लंबाचा इतिहास तपासला तर दिसते ते असे, की ‘हे असे का?’ हा प्रश्न युक्तीच्या पोटातच होता. ग्रीकांनी त्याच्या उत्तराला शिस्त लावली. या लेखात हेच मांडायचे आहे.

सुरुवात मोकळ्या जमिनीपासून करू. वेदी आखायची तर आधी पूर्व-पश्चिम रेषा हवी. तिला प्राची म्हणत. कात्यायन शुल्बसूत्रात तिची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर मधोमध एक शंकू, म्हणजे खुंटी, रोवायची आणि शंकूएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी शंकूची लांब सावली आखडत येते आणि तिचे टोक वर्तुळाला शिवून आत शिरते. दुपारनंतर तेच टोक वर्तुळ ओलांडून बाहेर पडते. या दोन ठिकाणी खुंट्या ठोकायच्या, की प्राची मिळाली. आता तिच्यावर लंब, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा हवी. दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या दुप्पट दोरी घ्यायची, दोन्ही टोकांना फास करायचे, ते दोन खुंट्यांत अडकवायचे, आणि दोरी बरोबर मध्यावर धरून दक्षिणेकडे ताणायची. ताणल्यावर मध्य जिथे येईल तिथे खुंटी. मग तीच दोरी उत्तरेकडे ताणून तिथेही खुंटी. या दोन खुंट्या जोडल्या की काम झाले. इथे काय घडले ते पाहा. सकाळ-दुपारच्या सावल्या सारख्या लांबीच्या होत्या, म्हणून दिशा मिळाली. दोरीचे दोन भाग सारखे होते, म्हणून लंब मिळाला. साऱ्या कृतीत ‘सारखे’ याखेरीज दुसरी कसोटी नाही. शिवाय दोरी दोन्ही बाजूंना ताणल्यामुळे आखणीची तपासणी आपोआप होते: दक्षिण-उत्तर रेषा प्राचीच्या बरोबर मधून गेली नाही, तर कुठेतरी चूक झाली आहे हे आखणाऱ्याला जागच्या जागी कळते.

यावर पहिला आक्षेप असा, की दोरी म्हणजे कंपास नव्हे. ताणलेल्या दोरीच्या कामाला कंपास-पट्टीच्या रचनेच्या पंगतीत बसवणे ही ओढाताण आहे. कात्यायनापुरते हे काही अंशी खरे मानता येईल. शिवाय कात्यायन शुल्बसूत्रकारांत उशिराचा. तो युक्लिडच्या काळाजवळचाही असू शकेल. पण बौधायन त्याच्या बराच आधीचा, बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी ८०० ते ५०० च्या दरम्यानचा. त्याने चौरस काढण्याची जी रीत दिली आहे ती वर्तुळांचीच आहे. हव्या त्या बाजूएवढी दोरी घ्यायची, तिच्या टोकांना फास आणि मध्यावर खूण करायची. प्राचीवर मधोमध खुंटी ठोकून अर्ध्या दोरीने वर्तुळ काढायचे. ते प्राचीला जिथे छेदते तिथे पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक खुंटी. आता पूर्वेच्या खुंटीभोवती पूर्ण दोरीने वर्तुळ, पश्चिमेच्या खुंटीभोवतीही तसेच. ही दोन वर्तुळे परस्परांना जिथे छेदतात ते बिंदू जोडले की पहिल्या वर्तुळाचा दुसरा व्यास मिळतो. त्याच्या टोकांशी उत्तर-दक्षिणेच्या खुंट्या. मग चारही खुंट्यांभोवती अर्ध्या दोरीने वर्तुळे काढली की त्यांचे बाहेरचे चार छेदनबिंदू म्हणजे चौरसाचे चार कोपरे. आज आठवीचा विद्यार्थी लंबदुभाजक काढतो ती रीत यातच आहे. कंपास आणि दोरी यांत फरक साधनाचा आहे, कल्पनेचा नाही: दोन्ही एका बिंदूपासून ठरावीक अंतरावरचे सगळे बिंदू दाखवतात. पुढच्या काळात तर हा फरकही उरला नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास वर्तुळ फिरवून काढावे, सपाटी पाण्याने पाहावी आणि उभी रेषा ओळंब्याने ठरवावी असे सांगितले, आणि इ.स. ६२९ मध्ये त्याच्यावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने वर्तुळ फिरवण्याचे साधन म्हणून कर्कटाचा, म्हणजे कंपासचाच, उल्लेख केला.

शुल्बसूत्रांत काटकोन मिळवण्याचा दुसराही मार्ग आहे, तो संख्यांचा. सोमयागाची महावेदी समलंब चौकोनाच्या आकाराची: पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४ आणि मधली प्राची ३६ पदांची. शुल्बसूत्रकार आपस्तंब सांगतो, की ३६ पदांची दोरी घेऊन तीत १८ ची भर घाला, म्हणजे ५४. पश्चिमेच्या टोकापासून १२ आणि १५ पदांवर खुणा करा. दोन्ही टोके प्राचीच्या दोन खुंट्यांना बांधा आणि १५ ची खूण धरून दक्षिणेकडे ओढा. दोरी ताठ झाली की त्या खुणेशी वेदीचा एक कोपरा येतो. तसेच उत्तरेला. मग टोकांची अदलाबदल करून पूर्वेकडून हीच कृती करायची, फक्त खुंटी १२ च्या खुणेशी ठोकायची. दोरीचे दोन तुकडे १५ आणि ३९, तिसरी बाजू ३६. १५ चा वर्ग २२५, ३६ चा १२९६, बेरीज १५२१, आणि तोच ३९ चा वर्ग. आपस्तंब इथेच थांबत नाही. त्याच वेदीसाठी तो ३-४-५, ८-१५-१७ आणि १२-३५-३७ यांच्या पटींतले पर्यायही देतो. एका वेदीला एक रीत पुरते. कर्मकांडाला इतक्या पर्यायांची गरज नव्हती. ते नोंदवावेसे वाटले याचा अर्थ, कोणत्या लांब्यांतून काटकोन निघतो हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जात होता. आजही पायाची आखणी करताना गवंडी टेप धरून ‘तीन-चार-पाच’ करतो, ती हीच जातकुळी. याउलट इजिप्तच्या दोरीवाल्यांनी १२ गाठींच्या दोरीने पिरॅमिडांचे काटकोन काढले, ही पुस्तकांतून हमखास भेटणारी कथा पुराव्यावर उभी नाही. तो एकोणिसाव्या शतकातले जर्मन इतिहासकार मॉरिट्झ कँटर यांचा तर्क होता. पुढे तो वस्तुस्थिती म्हणून छापला जाऊ लागला. दोरी ताणण्याचा विधी इजिप्तमध्ये होता एवढे खरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शुल्बसूत्रे ‘असे करा’ म्हणतात, ‘असे का’ ते सांगत नाहीत. मग तिथे विचार होता असे कशावरून? सूत्रवाङ्मयाचा बाज पाहता, न लिहिलेले म्हणजे न विचारलेले, असे धरणे घाईचे ठरेल. अक्षर वाचवणे हाच त्या लेखनाचा धर्म होता. पण आपस्तंबाने एका जागी तोंड उघडले आहे. महावेदीचे क्षेत्रफळ हजाराला अठ्ठावीस कमी, म्हणजे ९७२ चौरस पदे, हे सांगून तो कारणही देतो: पूर्वेच्या दक्षिण कोपऱ्यापासून पश्चिमेकडे सरळ रेषा आणा, बाहेर उरलेला तुकडा कापून उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा, समलंब चौकोनाचा आयत होतो. ही कारणमीमांसा आहे, तीही डोळ्यांना पटणारी. पुढे टीकाकारांनी उपपत्ती देण्याची प्रथा वाढवली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, तीत नियमांच्या उपपत्ती आहेत. तेव्हा भारतीय परंपरेला कारण ठाऊक नव्हते हे म्हणणे टिकत नाही. मात्र आक्षेपाचा एक भाग मान्य करायलाच हवा. ही कारणे सुटी आहेत. कोणत्या गोष्टी आधी मान्य करायच्या आणि कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर उभी आहे, याची सलग साखळी शुल्बसूत्रांत नाही, आणि पुढच्या टीकांतही ती त्या रूपात आलेली नाही. त्या साखळीसाठी ग्रीसकडे वळावे लागते.

ग्रीकांची सुरुवातही आकाशाकडे पाहूनच झाली होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने युक्लिडच्या पहिल्या खंडावर भाष्य लिहिले. त्यात तो म्हणतो, की रेषेबाहेरच्या बिंदूतून लंब टाकण्याचा प्रश्न प्रथम कायोस बेटावरच्या इनोपिडीसने अभ्यासला, आणि तो त्याला ज्योतिषासाठी उपयोगी वाटला. इनोपिडीस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. म्हणजे शंकू आणि सावली तिथेही लंबाच्या मुळाशी होतीच. त्यानंतर, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियात युक्लिडने हा प्रश्न दोन विधानांत बसवला. अकराव्या विधानात बिंदू रेषेवरच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन बिंदू घ्यायचे, त्या दोहोंमधल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभारायचा, आणि त्याचा शिरोबिंदू मूळ बिंदूशी जोडायचा. बाराव्यात बिंदू रेषेबाहेर आहे. रेषेच्या पलीकडच्या बाजूला कुठलाही एक बिंदू घ्यायचा, त्यातून जाईल असे वर्तुळ दिलेल्या बिंदूभोवती काढायचे, ते रेषेला ज्या दोन बिंदूंत छेदते त्यांमधल्या रेषाखंडाचा मध्य काढायचा आणि तो जोडायचा. दोन्हीकडे कारण एकच: दोन त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जोडीजोडीने सारख्या, म्हणून कोन सारखे. आपल्या पाठ्यपुस्तकांतली बाबाबा कसोटी ती हीच. आता कात्यायनाची दोरी आठवा. ती अंतराच्या दुप्पट होती, म्हणजे ताणल्यावर समभुज त्रिकोणच होत होता. बौधायनाच्या दोन वर्तुळांतूनही समभुज त्रिकोणच निघतो. वास्तविक कोणताही समद्विभुज त्रिकोण चालला असता. तरी तिघांनी समभुज घेतला, कारण त्यासाठी वेगळे माप लागत नाही. खुंट्यांमधले अंतर हाताशी असतेच.

मग युक्लिडने नवे काय केले? त्याने काटकोनाची व्याख्याच समानतेवर बसवली. एका सरळ रेषेवर दुसरी उभी राहून होणारे शेजारचे दोन कोन सारखे असतील, तर त्यांतला प्रत्येक काटकोन. सुतार आपला गुण्या तपासतो तेव्हा हीच व्याख्या वापरतो. फळीच्या कडेला गुण्या लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. व्याख्येनंतर युक्लिडने पाच गोष्टी मागून घेतल्या. त्यांतल्या तिसरीत वर्तुळ काढण्याची परवानगी आहे आणि चौथीत सर्व काटकोन परस्परांसारखे असल्याचे गृहीत. या थोड्या भांडवलावर पहिल्या विधानात समभुज त्रिकोण, दहाव्यात रेषाखंडाचा मध्य, अकराव्या-बाराव्यात लंब, शेहेचाळिसाव्यात चौरस आणि सत्तेचाळिसाव्यात पायथागोरसचे प्रमेय अशी चढण त्याने बांधली. शुल्बकारांना ‘तीन-चार-पाच’ आणि समद्विभुज दोरी या दोन शेजारच्या रीती होत्या. युक्लिडने पहिलीचे मूळ दुसरीत दाखवले. त्याचे खरे श्रेय हे आहे. तरी त्याची साखळीही निर्दोष नव्हती. दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात हे तो पहिल्याच विधानात गृहीत धरतो, सिद्ध करत नाही. ही आणि अशा उणिवा भरून काढायला मॉरिट्झ पाश यांचा १८८२ चा आणि डेव्हिड हिल्बर्ट यांचा १८९९ चा ग्रंथ यावा लागला. जमिनीवर दोरी फिरवणाऱ्याला ही अडचण कधी जाणवलीच नसती. रेघा छेदतात तिथे तो खुंटी ठोकून मोकळा होतो. सिद्धता मागितली की अडचणीही नव्या येतात, आणि युक्लिडने त्या अंगावर घेतल्या.

इतके साम्य पाहिल्यावर कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न आलाच. जॉर्ज थिबो यांनी १८७५ मध्ये शुल्बसूत्रांवरचा प्रबंध प्रसिद्ध केल्यापासून तो विचारला जात आहे. अब्राहम सायडेनबर्ग यांनी १९६२ पासून असे मांडले, की भूमितीचा उगम विधींमध्ये आहे आणि ग्रीक व भारतीय भूमितींच्या मागे एकच जुने मूळ असावे. हे मत मोहक आहे, पण लंबापुरती त्याची गरज पडत नाही. दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावरचे बिंदू त्यांच्या मधोमध उभ्या रेषेवर असतात, हे दोरी हाताळणाऱ्या कोणत्याही समाजाला सापडण्याजोगे आहे. सारखी कृती हा उसनवारीचा पुरावा होत नाही; सारखी चूक किंवा सारखी अनावश्यक खोड असेल तर गोष्ट वेगळी. समभुज त्रिकोणाची निवड तशी खोड म्हणता आली असती, पण ती सोयीतून आली हे वर पाहिलेच. उलट दोन परंपरांनी पुढे लंबाचे काय केले ते पाहिले, तर वाटा स्पष्ट वेगळ्या आहेत. ‘सूर्यसिद्धान्ता’त पाण्याने सपाट केलेल्या शिळेवर १२ अंगुळांचा शंकू उभारून, छेदणाऱ्या दोन कंसांमधल्या मत्स्याकृतीतून उत्तर-दक्षिण रेषा काढतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र, इ.स. ११५० मध्ये, लंब ही रेघ न राहता संख्या होतो. त्रिकोणाचा पाया १४, बाजू १३ आणि १५. पायाचे दोन तुकडे, म्हणजे आबाधा, ५ आणि ९, लंब १२, क्षेत्रफळ ८४. ग्रीकांनी लंब सिद्ध केला, आपल्याकडे तो हिशेबात आला.

कारागीर आणि गणिती यांच्यातला संबंध किती जवळचा होता हे सर्वांत स्वच्छ दिसते ते दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये. युक्लिडचे अरबी भाषांतर तिथे इ.स. ८०० च्या सुमारास अल-हज्जाजने केले होते. अबुल वफा अल-बूझजानी (९४०–९९८) हा पट्टीचा गणिती, पण त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर वेगळा ग्रंथ लिहिला. त्यात एक अडचण आहे: रेषाखंडाच्या टोकावरच लंब हवा, आणि टोकापलीकडे रेषा वाढवायला जागा नाही. फरशीच्या किंवा फळीच्या कडेशी काम करणाऱ्याला ही अडचण रोजची. युक्लिडची अकरावी रीत इथे अडते, कारण तिला बिंदूच्या दोन्ही बाजूंना जागा लागते. अबुल वफाची रीत कंपासचे तोंड एकदा ठरवले की पुन्हा न बदलता होते. टोक अ पासून रेषेवर त्या अंतरावर क घ्यायचा. अ आणि क भोवती कंस काढून छेदनबिंदू ड मिळवायचा. क-ड जोडून पुढे तेवढेच अंतर वाढवून इ घ्यायचा. इ-अ जोडला की लंब. कारण, ड हा अ, क, इ या तिन्हींपासून सारख्या अंतरावर आहे, म्हणून क-इ व्यास झाला आणि अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो. अडचण कारागिराची, उत्तर प्रमेयाचे. त्याच ग्रंथात अबुल वफा दोघांनाही बोल लावतो: भूमितीकाराला सिद्धता येते पण हाताचा सराव नाही, कारागीर डोळ्याला पटले की समाधान मानतो. त्या दोघांची एकत्र बसून चर्चा होत असे, हेही त्याच्याच लिहिण्यातून कळते.

पुढे नसीरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात युक्लिडचे अरबी संस्करण केले, आणि त्यावरून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. सिद्धतांची साखळी अशी संस्कृतात आली. १९०१–०२ मध्ये तो ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलाही गेला. त्याआधीच युरोपात लंबाच्या कथेचा एक अनपेक्षित अध्याय लिहून झाला होता. १६७२ मध्ये गेओर्ग मोर या डॅनिश गणितज्ञाने, आणि त्याचे पुस्तक विस्मरणात गेल्यावर १७९७ मध्ये इटलीच्या लोरेन्झो मास्केरोनीने स्वतंत्रपणे दाखवले, की कंपास-पट्टीने जे बिंदू मिळतात ते सगळे एकट्या कंपासनेही मिळतात. पट्टी लागते ती फक्त रेघ ओढायला. म्हणजे काटकोन ज्या बिंदूंनी ठरतो ते निव्वळ अंतरांच्या समानतेतून येतात, हे दोरीच्या रीतीतले गुपित शेवटी प्रमेय म्हणून सिद्ध झाले.

तेव्हा निवाडा असा. लंब कोणा एकाचा शोध नाही, आणि युक्ती व सिद्धता ही दोन संस्कृतींची वेगवेगळी मालमत्ताही नाही. दोरीवाल्याला समानता पुरेशी आहे हे कळले होते. ती का पुरते हे युक्लिडने क्रमाने मांडले. ती कुठे अडते हे कारागिरांनी दाखवले आणि अबुल वफाने सोडवले. शिक्षकांनी यातून एक गोष्ट घ्यावी. विद्यार्थ्याने कंपासने लंब काढला, की तो बरोबर आहे का हे कोनमापक लावून पाहायला सांगू नये. कोणती अंतरे सारखी घेतली आणि त्यावरून कोन सारखे का झाले, एवढे त्याला विचारावे. ते सांगता आले, तर त्याच लंबाने तो कोनमापकही तपासू शकेल.